एईएस लावलंय, तरी ‘हो’ दरवेळी तेच सहा बाइट होऊन जातंय. चालेल का?

किल्लीहरवली

नमस्कार मंडळी. या सत्रात क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सुरक्षा हा विषय आहे. गोपनीयता, अखंडता, उपलब्धता हे त्रिकूट तोंडपाठ. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या फेऱ्या कागदावर काढता येतात (१२८ बिटांच्या किल्लीला दहा, २५६ च्या किल्लीला चौदा, हेही पाठ). म्हटलं नुसतं घोकून काय होणार, काहीतरी करून बघू. म्हणून पायथनमध्ये दोन लॅपटॉपवर गप्पा मारायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाऊ. संदेश एईएसने एन्क्रिप्ट होतो, सीटीआर मोडमध्ये. किल्ली म्हणजे मला आवडणारं सोळा अक्षरी रोमन वाक्य, दोन्हीकडच्या कोडमध्ये लिहून ठेवलंय.

सुरुवातीला पलीकडे नुसता कचरा उमटत होता. दोन तास घालवल्यावर कळलं की लायब्ररी दरवेळी स्वतःच नवा नॉन्स (किल्लीसोबत द्यायचा एक आकडा) बनवते आणि मी तो पलीकडे पाठवतच नव्हते. मग मी दोन्हीकडे नॉन्स म्हणून आठ शून्य बाइट टाकून दिले. लगेच चालू झालं!

काल रात्री वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बघितलं. मजकूर कुठेच दिसत नाही, जाम आनंद झाला. पण भावाने ‘हो’ पाठवलं की दरवेळी तेच सहा बाइट. तीनदा ‘हो’ म्हणाला, तिन्ही वेळा हुबेहूब तेच. ‘नाही’ म्हणाला की बारा बाइट, तेही दरवेळी तेच. आणि गंमत म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांचे पहिले दोन बाइट पण एकसारखे.

भाऊ म्हणतो, “एईएस आजवर कुणी फोडलेलं नाही, उगाच डोकं खाऊ नकोस.” पण मला ते सारखे बाइट बघून कसंतरीच होतंय. हे खरंच धोक्याचं आहे का? आणि किल्ली कोडमध्ये ठेवायची नाही तर मग पलीकडच्याला द्यायची कशी?

सरळसोट

किल्ली १२८ ची दिसतेय. २५६ ची करा, विषय संपला.

रात्रपाळी

सरळसोट, रागावू नका, पण २५६ ने इथे काडीचा फरक पडणार नाही.

आधी किल्लीच्या लांबीचा मुद्दा निकालात काढते. एईएसच्या आधीच्या डेस या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास यंत्र बांधून ती ५६ तासांत शोधून दाखवली (दोन्हीकडे ५६ हा निव्वळ योगायोग). एईएसची लहानात लहान किल्ली १२८ ची. आकडा सव्वादोनपट दिसतो, पण शोधायच्या किल्ल्यांची संख्या ७२ वेळा दुप्पट झालेली असते. त्या वाटेने कुणी येत नाही. तेवढ्यापुरता भाऊ बरोबर आहे.

आता तुमच्या सहा बाइटांकडे या. सीटीआर मोडमध्ये एईएस तुमच्या मजकुराला हातही लावत नाही. ही गोष्ट पुस्तकात आकृतीत दिसते, पण डोक्यात शिरत नाही, माझ्याही शिरली नव्हती. एईएस काय एन्क्रिप्ट करतं? नॉन्स आणि त्याला जोडलेला एक मोजणीचा आकडा. ०, १, २ असं करत त्यातून बाइटांचा एक प्रवाह निघतो आणि तुमचा मजकूर त्या प्रवाहाशी एक्सॉर होतो (बिटाला बिट ताडायचा: सारखे तर ०, वेगळे तर १). बस. किल्ली तीच, नॉन्स तोच, मोजणी दर संदेशाला शून्यापासून, म्हणजे प्रवाहही दरवेळी तोच. मग वायरीवर बसलेल्या माणसाला एईएस फोडायची गरजच काय? तो तुमचे दोन पॅकेट घेतो, एकमेकांशी एक्सॉर करतो. दोन्हीतला सारखा प्रवाह एकमेकाला खाऊन टाकतो आणि हातात उरतं ते मजकूर एक्सॉर मजकूर. एईएस त्यातून नाहीसंच झालं.

मराठी लिहिणाऱ्यांचं तर आणखीच अवघड आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा पर्यायच नाही. काय ते अक्षर ठरतं ते तिसऱ्या बाइटात (आणि दुसऱ्याच्या शेवटच्या बिटात). ‘ह’ म्हणजे २२४, १६४, १८५. ‘न’ म्हणजे २२४, १६४, १६८. म्हणून तुमच्या ‘हो’ आणि ‘नाही’चे पहिले दोन बाइट सारखे दिसले. तुम्ही नकळत अर्धा हल्ला करून बसला होतात! मजकूर मराठी आहे एवढं जरी बाहेरच्याला माहीत असलं तरी दर तीन बाइटांतला एक त्याला फुकट मिळतो, दुसरा जवळजवळ फुकट. आणि एखादं लांबलचक वाक्य त्याला ठाऊक असेल, समजा रोज तुम्ही त्याच शब्दांनी गप्पा सुरू करता, तर तेवढ्या लांबीचा अख्खा प्रवाह त्याच्या हातात. पुढचा प्रत्येक संदेश तेवढ्यापुरता उघडा.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितेय कारण मीही हाच घोळ घातलाय. माझं काम नेटवर्कवर नजर ठेवायचं, बहुतेक रात्री. फार वर्षांपूर्वी एका छोट्या उपकरणासाठी नोंदी पाठवणारा कोड लिहिला होता. नॉन्स म्हणून एक मोजणीचा आकडा ठेवला, दर नोंदीला एकने वाढणारा. शहाणपणाचं वाटलं होतं. फक्त तो आकडा मेमरीत होता. वीज गेली, उपकरण परत चालू झालं, मोजणी पुन्हा शून्यापासून. एका पहाटे कंटाळा आला म्हणून दोन दिवसांच्या फाइली एक्सॉर करून पाहिल्या आणि पडद्यावर शून्यांच्या रांगाच्या रांगा आल्या. शून्य म्हणजे त्या जागी दोन्ही दिवशी तेच अक्षर. प्रत्येक नोंद तारखेने सुरू व्हायची, त्यामुळे वर्ष, महिना, सगळं शून्यात. मधूनमधून जिथे शून्य नाही तिथेच काय ती बातमी. चहा गार होईस्तोवर मी पाच-सहा नोंदी हाताने वाचून काढल्या होत्या. किल्ली न वापरता.

आपण एकटे नाही एवढंच समाधान. सोव्हिएत हेर ज्या एकदाच वापरायच्या किल्ल्यांची वही वापरत, ती पद्धत नीट पाळली तर फोडणं अशक्य आहे, हे गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ साली सिद्ध करून दाखवलं. पण १९४२च्या सुमारास घाईत त्या वह्यांची काही पानं दोनदा छापली गेली, आणि तेवढ्या फटीतून अमेरिकनांनी व्हेनोना प्रकल्पात कित्येक संदेश वाचले. वाय-फायच्या पहिल्या सुरक्षेत, म्हणजे वेपमध्ये, नॉन्सच्या जागी असलेला आकडा फक्त २४ बिटांचा. एकूण १ कोटी ६७ लाख पर्याय. ऐकायला भरपूर वाटतात, पण आकडे कसेही निवडले तर पाच हजार पॅकेटांच्या आसपासच कुठेतरी एक पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते. वेपचे इतरही आजार होते, ते सोडा. मग २०१७ साली वाय-फायच्या पुढच्या सुरक्षेवरचा, म्हणजे डब्ल्यूपीए-२ वरचा, क्रॅक हल्ला आला. त्यात जोडणी जुळवतानाच्या हस्तांदोलनातला तिसरा संदेश पुन्हा पाठवला की उपकरण तीच किल्ली नव्याने बसवायचं आणि नॉन्सची मोजणी पुन्हा मूळ जागी जायची. माझ्या त्या डबड्यात आणि जगभरच्या वाय-फायमध्ये एकच आजार!

आता दुसरी गोष्ट. ही मला पहिलीपेक्षा वाईट वाटते.

समजा भावाला तुम्ही पाठवलं, “१ वाजता भेटू”. ‘१’ हा देवनागरी आकडा म्हणजे २२४, १६५, १६७. ‘९’ म्हणजे २२४, १६५, १७५. फरक फक्त शेवटच्या बाइटात. १६७ बिटांमध्ये लिहा: १०१००१११. १७५ लिहा: १०१०११११. एक बिट. मध्ये बसलेल्याने पॅकेटातल्या तिसऱ्या बाइटाला ८ शी एक्सॉर केलं आणि पुढे सोडून दिलं, तर भावाच्या पडद्यावर “९ वाजता भेटू” येईल. मधल्याला किल्ली माहीत नाही. त्याला बाकीचा संदेश वाचताही येत नाही. पहिलं चिन्ह आकडा आहे आणि तो १ आहे, एवढाच अंदाज पुरे. आणि भावाच्या बाजूला कसलीही चूक दिसणार नाही, कारण सीटीआरला चूक म्हणजे काय हेच माहीत नसतं. कुठलेही बाइट द्या, तो उलगडून देतो.

म्हणजे तुमच्या त्या तोंडपाठ त्रिकुटातली गोपनीयता आणि अखंडता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन्ही वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात. परीक्षेत सगळे लिहितात, कोडमध्ये सगळे विसरतात.

यावर उपाय सोपा आहे. सीटीआर नुसता वापरू नका. एईएस-जीसीएम घ्या, नाहीतर चाचा२०-पॉली१३०५. दोन्ही मजकूर झाकतातही आणि शेवटी सोळा बाइटांचा एक शिक्काही लावतात. वाटेत एक बिट जरी हलला तरी शिक्का जुळत नाही आणि लायब्ररी मजकूर द्यायलाच नकार देते. नॉन्स बारा बाइटांचा, दर संदेशाला नवा, आणि तो संदेशाच्या पुढे उघड्यावर पाठवायचा. नॉन्स गुप्त नसतो, फक्त पुन्हा यायला नको. जीसीएममध्ये तो पुन्हा आला तर सीटीआरपेक्षाही वाईट, कारण तिथे शिक्का बनवायची आतली किल्लीच बाहेर काढता येते. यादृच्छिक नॉन्स वापरत असाल तर एका किल्लीवर ४२९ कोटी संदेशांपर्यंत जा म्हणतात. भाऊ-बहिणीच्या गप्पांना तेवढे पुरावेत. ह. घ्या.

विश्वास ठेवू नका. आधी एक बिट हलवून बघा.

किल्लीहरवली

रात्रपाळी काका, केलं!! एक जुना लॅपटॉप मध्ये ठेवला, माझं पॅकेट त्याच्याकडे, त्याच्याकडून भावाकडे. मधल्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ, तिसरा बाइट एक्सॉर ८. भावाला पाठवलं “१ वाजता ये”. तो पलीकडच्या खोलीतून ओरडला, “नऊ वाजता कशाला?” माझ्या अंगावर काटा आला आणि तो म्हणे तू चुकीचं टाइप केलंस. त्याला माझा पडदा दाखवला तेव्हा गप्प बसला.

मग जीसीएम लावलं. तोच बिट हलवला. शिक्का जुळत नाही म्हणून प्रोग्रॅमच आपटला. (आपटू द्यायचा का तसाच? की गुपचूप फेकून द्यायचा?)

आता सहा बाइटही दरवेळी वेगळे येतात. पण किल्ली अजून कोडमध्येच आहे.

आकडेमोड

मध्येच तोंड घालतो. किल्लीचे दोन वेगळे प्रश्न आहेत, सरमिसळ नको.

पहिला: सोळा अक्षरी आवडतं वाक्य ही किल्ली नव्हे. १६ बाइट म्हणजे १२८ बिट हे कागदावर. नुसती रोमन लहान अक्षरं, तीही खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेली असती, तरी एका अक्षरामागे ४.७ बिट, सोळांचे मिळून ७५. आणि माणसाने निवडलेलं वाक्य त्याच्या आसपासही नाही. शब्द, सवयी, आवडती नावं, सगळं अंदाजात येतं. पासवर्डवरूनच किल्ली काढायची असेल तर ती मुद्दाम संथ आणि मेमरी खाणाऱ्या फंक्शनमधून काढा. आर्गॉन२ त्यासाठीच आहे, २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा त्याने जिंकली. सोबत सॉल्ट द्या, म्हणजे दर पासवर्डला वेगळा यादृच्छिक आकडा. नुसता शा-२५६ हा हॅश (मजकुराचा ठराविक लांबीचा ठसा) मारून काही होत नाही, तो वेगवान आहे आणि इथे वेग शत्रूच्या फायद्याचा. २०१२ साली लिंक्डइनचे ६५ लाखांच्या आसपास हॅश बाहेर आले तेव्हा ते शा-१ चे, आणि सॉल्टशिवायचे होते. त्यातले बरेचसे लोकांनी काही दिवसांतच उलगडले.

आणि पायथनचं साधं रँडम किल्लीसाठी वापरू नका. त्याचे सलग ६२४ आकडे पाहिले की पुढचे सगळे सांगता येतात. सिक्रेट्स मॉड्यूल आहे, ते घ्या.

दुसरा: किल्ली पोचवायची कशी. पोचवायचीच नाही! दोघांनी मिळून बनवायची. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी छापलं. (ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेत माल्कम विल्यमसनने १९७४ साली हेच शोधलं होतं, पण ते १९९७ पर्यंत कपाटात बंद.) लहान आकड्यांत करून दाखवतो, वही घ्या.

सगळ्यांना माहीत असलेले दोन आकडे: २९ आणि २. तुम्ही मनात ७ धरा. २ चा सातवा घात १२८, त्याला २९ ने भागून बाकी १२. हा १२ भावाला उघडपणे पाठवा. भाऊ मनात ११ धरतो. २ चा अकरावा घात २०४८, बाकी १८. तो १८ पाठवतो. आता तुम्ही १८ चा सातवा घात करा: १८ चा वर्ग ३२४, बाकी ५. चौथा घात २५. सहावा घात १२५, बाकी ९. सातवा १६२, बाकी १७. भाऊ १२ चा अकरावा घात करतो: १२ चा वर्ग १४४, बाकी २८, म्हणजे उणे १. दहावा घात उणे १ चा पाचवा, म्हणजे उणे १च. अकरावा उणे १२, म्हणजे १७.

दोघांकडे १७. तारेवरून गेले फक्त १२ आणि १८. ऐकणाऱ्याला १२ वरून ७ काढायचा आहे. २९ मध्ये ते बोटांवर जमेल. २९ च्या जागी ६१७ अंकी मूळ संख्या घेतली की आज कुणाला जमत नाही. हल्ली याच कल्पनेचं लंबवर्तुळी वक्रांवरचं रूप जास्त वापरतात, एक्स२५५१९ नावाने लायब्ररीत मिळेल.

मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. इतकं सोपं आणि शतकानुशतकं कुणाला सुचलं नाही!

रात्रपाळी

काका नव्हे हो, काकू. चालायचंच, या नावाने सगळ्यांची तीच समजूत होते.

आकडेमोड यांचं गणित चोख आहे आणि तुम्ही ते तसंच कोडमध्ये लिहिलंत तर तुमचा तो जुना लॅपटॉप पुन्हा जिंकेल.

बघा कसं. तुम्ही १२ पाठवलात. मधला तो अडवतो, भावाला जाऊच देत नाही. स्वतःचा एक आकडा मनात धरतो, समजा ५. २ चा पाचवा घात ३२, बाकी ३. तो ३ भावाला पाठवतो ‘ताईकडून’ म्हणून, आणि तुम्हालाही ३च पाठवतो ‘भावाकडून’ म्हणून. तुमची त्याच्याशी एक किल्ली जुळली, भावाची त्याच्याशी दुसरी. तुमचा संदेश तो एका किल्लीने उघडतो, वाचतो, हवा तर बदलतो, दुसऱ्या किल्लीने बंद करून पुढे देतो. जीसीएमचा शिक्का दोन्हीकडे अगदी बरोबर जुळतो. का नाही जुळणार? शिक्का म्हणतो की किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने हे लिहिलं. ती किल्ली कुणाकडे आहे हे शिक्क्याला काय ठाऊक.

‘पण मध्ये कोण कशाला येऊन बसेल’ असं नवीन लोक विचारतात. मी रात्री पॅकेट बघते, म्हणून सांगते, मध्ये बसायला भिंत फोडावी लागत नाही. एकाच वाय-फायवर असलेल्या यंत्रांना एकमेकांचे पत्ते एआरपीने कळतात. हा नियम १९८२ चा आहे आणि त्यात ओळख पटवणं नावाची गोष्टच नाही. कुठलंही यंत्र न विचारता ओरडू शकतं, “राउटर म्हणजे मीच!” आणि बाकीची यंत्रं मुकाट्याने आपली पॅकेटं त्याच्याकडे पाठवू लागतात. वायरशार्कमध्ये ते फार साधं दिसतं: एकाच आयपीपुढे दोन वेगवेगळे मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते), आणि दर एक-दोन सेकंदांनी तोच न मागितलेला निरोप. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं केबल खराब आहे.

मग १८ खरंच भावाकडून आला हे कसं कळणार? याला गणितात पळवाट नाही. कुठेतरी, एकदा तरी, दुसऱ्या वाटेने खात्री करावी लागते. तुमच्या बाबतीत सोपं आहे, भाऊ पलीकडच्या खोलीत आहे. दोघांच्या पडद्यावर मिळून बनलेल्या किल्लीच्या हॅशचे काही आकडे दाखवा आणि ओरडून ताडून बघा. सिग्नल ॲपमध्ये तो साठ अंकी सुरक्षा क्रमांक असतो तो यासाठीच, आणि शंभरातला एकही माणूस तो उघडून बघत नसेल (हा माझा आपला अंदाज, मोजलेलं नाही). दूरच्या यंत्राला एसएसएचने पहिल्यांदा जोडताना ‘हा ठसा ओळखीचा आहे का’ असं विचारतं. माझ्यासकट सगळे न वाचता ‘यस’ टाइप करतात.

अनोळखी संकेतस्थळांशी ओरडून बोलता येत नाही, म्हणून तिथे सर्टिफिकेटं. ब्राउझर काही संस्थांवर आधीपासून विश्वास ठेवून असतो, त्यांनी सही केली की तो मान डोलावतो. २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या अशाच एका संस्थेत कुणीतरी घुसलं आणि गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट बनवून घेतलं. ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. एईएस शाबूत, डिफी-हेलमनची कल्पना शाबूत, आणि लोकांची पत्रं मात्र तिसराच वाचत होता. ती संस्था त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत निघाली. आता दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत लिहायचं अशी पद्धत आहे, म्हणजे निदान खोटं कुठे उगवलं ते दिसतं.

आपटण्याबद्दल: शिक्का जुळला नाही तर जोडणी तोडा आणि नोंद करून ठेवा. पलीकडच्याला ‘चूक नेमकी कुठे झाली’ हे सांगत बसू नका. जुन्या सीबीसी मोडमध्ये सर्व्हर पॅडिंग (शेवटचा ठोकळा पुरा करायचे भरीचे बाइट) चुकलं की वेगळी तक्रार करायचा आणि शिक्का चुकला की वेगळी, आणि नुसत्या त्या फरकावरून लोकांनी मजकूर बाइटाबाइटाने काढला होता.

आणि एक करून बघा. भावाचा कालचा ‘हो’, जसाच्या तसा, नॉन्स आणि शिक्क्यासकट, आज परत पाठवा.

सरळसोट

म्हणजे ब्राउझरमधल्या त्या कुलपाला काही अर्थ नाही म्हणायचा?

रात्रपाळी

आहे की. पत्त्याच्या पट्टीत जे नाव आहे त्याच नावाशी तुमची नळी जोडलीय आणि ती मध्ये कुठे गळत नाही, एवढा अर्थ. पलीकडे बसलेला भामटा आहे की सज्जन, हे ते सांगत नाही. भामट्यालाही सर्टिफिकेट मिळतं, फुकट मिळतं.

किल्लीहरवली

काकू, सॉरी!

कालचा ‘हो’ परत पाठवला. प्रोग्रॅमने आनंदाने दाखवला. भाऊ तेव्हा घरातच नव्हता. मी विचारलं होतं “माझं चार्जर घेऊन गेलास का?” आणि उत्तर आलं हो.

मग प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक दिला. तो उघडाच ठेवलाय, पण शिक्क्यात धरलाय, म्हणजे हलवता येणार नाही. मागचा आकडा आला की फेकून देते. त्यावर माझा स्वतःचाच संदेश मला उलटा पाठवून पाहिला, तो मात्र भावाच्या नावाने स्वीकारला गेला! म्हणून आता येण्याची किल्ली वेगळी आणि जाण्याची वेगळी. एक्स२५५१९ घातलंय, आणि ठशाचे आठ आकडे दोघं ओरडून म्हणतो. घरचे वैतागलेत.

प्रश्न असा, की एवढं सगळं मी घडवत बसले तर हे पुढे खरंच वापरावं का?

रात्रपाळी

शिकायला शंभर वेळा वापरा. दुसऱ्या कुणाचा जीव त्यावर टांगू नका. तुम्ही आठवडाभरात नॉन्स, शिक्का, पुनरावृत्ती, उलटा संदेश, इतक्या खड्ड्यांत पडून वर आलात. टीएलएस, म्हणजे ब्राउझरच्या त्या कुलपामागची पद्धत, करणारे लोक याच खड्ड्यांत वीस-बावीस वर्षं पडत होते, तेव्हा कुठे २०१८ ची १.३ आवृत्ती निघाली. त्यात त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं ते काढून टाकण्याचं: आरसी४ गेलं, सीबीसी गेलं, सर्व्हरच्या कायमच्या आरएसए किल्लीने सत्राची किल्ली पाठवणं गेलं. या शेवटच्याचं कारण बघण्यासारखं आहे. कुणी तुमची पॅकेटं आज नुसती साठवून ठेवली आणि पाच वर्षांनी ती कायमची किल्ली चोरली, तर आजचं सगळं उघडतं. दर जोडणीला डिफी-हेलमनने नवी किल्ली बनवून ती नंतर पुसून टाकली की चोरायला काही उरत नाही. (क्वांटम यंत्रांच्या भीतीमागेही हाच साठवून ठेवण्याचा धाक आहे. अमेरिकेच्या निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठीची पहिली तीन मानकं काढली. तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

आणि तरीही ते खड्डे संपत नाहीत. २०१४ चा हार्टब्लीड हा टीएलएसच्या एका लायब्ररीतला दोष गणितातला नव्हताच. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढे बाइट परत द्यायचे, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, सर्व्हरच्या मेमरीत जे पडलं असेल ते. बाकी काही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पायथनचं एसएसएल मॉड्यूल घ्या, दोघांची सर्टिफिकेटं स्वतः बनवा, आणि वायरशार्कमध्ये पहिले चार-पाच पॅकेट सावकाश वाचा. तुम्ही स्वतः केलेलं सगळं तिथे दिसेल, नुसती नावं वेगळी.

जाता जाता. तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट अजून तशीच आहे. तुम्ही लिहिली होतीत, मीच मुद्दाम बोलले नव्हते.

किल्लीहरवली

रात्रभर विचार केला. सहा आणि बारा!

जीसीएम लावल्यावर नॉन्सचे बारा आणि शिक्क्याचे सोळा जोडले जातात, म्हणून ‘हो’ चौतीस झालं आणि ‘नाही’ चाळीस. अनुक्रमांकाने दोन्ही आणखी तेवढेच वाढले. फरक सहाचा सहाच. आजवर भावाने किती वेळा नाही म्हटलंय ते मी कॅप्चर फाइलवरून किल्लीशिवाय मोजलं, एकवीस वेळा.

आता प्रत्येक संदेश एन्क्रिप्ट करण्याआधी २५६ बाइट होईस्तोवर भरते. दोन्ही सारखेच दिसतात. फक्त ‘नाही’ म्हणायच्या आधी तो नेहमी जरा जास्त वेळ घेतो, ते वेळेच्या रकान्यात अजून दिसतंय.

रात्रपाळी

त्याला हे सांगू नका.